पॅरालिसिसला सहा महिने झाले की हात येणं थांबतं का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. वडील ६१ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवं अंग गेलं. पाय बऱ्यापैकी आला, काठी टेकत अंगणात फिरतात. हात मात्र मांडीवर पडून असतो. बोलताना शब्द अडतात. तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येतात. कुणीतरी सांगितलं की सहा महिन्यांत येईल तेवढंच येणार, पुढे काही नाही. आणि मोबाइलवर रोज कुणी ना कुणी सांगतंय की मेंदू स्वतःला नव्याने घडवतो, अमुक व्यायाम करा, तमुक इंजेक्शन घ्या. "आता एकच महिना उरलाय, काय करू?" असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. झटका आलेल्या माणसांचे हात हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न मला कानाने ओळखीचा आहे. तुम्हाला ऐकवलेल्या दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. पण तुम्ही जाता जाता आणखी एक वाक्य लिहिलंय: "आई त्यांना काही करूच देत नाही, भरवते, शर्टही तीच घालते." महिन्यांच्या हिशोबापेक्षा मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येतेच.

आधी हे सहा महिने आले कुठून ते बघू. झटक्यात ज्या पेशी मेल्या त्या गेल्या, त्या परत येत नाहीत. पण त्यांच्या कडेने एक पट्टा असतो, रक्त कमी पडल्यामुळे गप्प झालेला पण जिवंत. रक्त वेळेत पोचलं तर तो पुन्हा कामाला लागतो. मेंदूला सूज आलेली असते, ती काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरते. शिवाय इजा झालेल्या भागाशी जोडलेले लांबचे भागही धक्क्याने मंदावलेले असतात. फॉन मोनाकोव या मेंदूतज्ज्ञाने १९१४ सालीच हे मांडून ठेवलंय. तेही हळूहळू जागे होतात. याच काळात वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात, नव्या जोडण्या करतात. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत काल न हलणारं बोट आज हललं, असं घडत राहतं. तुमच्या वडिलांचा पाय बहुधा असाच आला. यात व्यायामाचा वाटा असतो, पण निसर्गाचाही मोठा असतो.

पुढे हा वेग मंदावतो. कागदावर आलेख काढला तर चढ संपून रेघ सपाट होत गेलेली दिसते. त्या सपाट रेघेवरून कुणीतरी "सहा महिने" ही तारीख काढली आणि ती डॉक्टरांच्या केबिनपासून पारावरच्या गप्पांपर्यंत पोचली. त्या दिवशी मेंदूत काही बंद होत नाही. थांबतं ते आपोआप येणं. त्यानंतर जे यायचं ते कमवावं लागतं, आणि ते हळू येतं.

उशिराने किती कमवता येतं यावर दोन अभ्यास सांगते, कारण ते एकमेकांच्या उलट जातात असं वाटतं. २०२१ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ७२ रुग्ण होते, त्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा २० तासांचा जादा सराव दिला. कुणाला पहिल्याच महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांनी, कुणाला सहा महिने उलटल्यावर. सर्वांत जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला. सहा महिन्यांनंतर तेच २० तास दिले तर म्हणावा तसा फरक दिसला नाही. आता दुसरा. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या हातासाठीच्या खास विभागाने २०१९ साली आपल्या २२४ रुग्णांचे निकाल मांडले. त्यातल्या निम्म्यांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. त्यांच्याकडून तीन आठवड्यांत ९० तास काम करून घेतलं. हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही सुधारणा टिकून होती. या दुसऱ्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे धरून चालावं लागतं. तरी माझ्या रोजच्या कामात दिसतं ते या दोन्हींशी जुळतं: वेळ उलटल्यावर थोडक्यात भागत नाही.

तुमचे वडील पाचव्या महिन्यात आहेत. सर्वांत सोपा काळ सरलाय, हे खरं. पुढच्या महिन्यात दार लागणार आहे, हे खरं नाही. त्यामुळे घाबरून या तीस दिवसांत त्यांना दमवून टाकू नका. वर्षभर चालेल अशी घडी बसवा.

आता मेंदू बदलतो म्हणजे काय बदलतो. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या प्रत्येक भागासाठी जागा असते. बोटं आणि ओठ यांना भरपूर, पाठीला थोडी. ही वाटणी कायमची असते असं बराच काळ मानलं जायचं. १९०६ चं नोबेल मिळवलेले स्पेनचे रामोन इ काहाल, ज्यांनी चेतापेशींची रेखाटनं काढून या शास्त्राचा पाया घातला, त्यांनीही प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरलेल्या, न बदलणाऱ्या असतात असंच लिहिलं होतं. १९८० च्या दशकात मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतले बोटांचे नकाशे मोजले. एखादं बोट गेलं की त्याची जागा रिकामी राहत नाही, काही महिन्यांत शेजारची बोटं ती व्यापतात, असं त्यांना दिसलं.

कालव्याच्या पाणीपाळीसारखं आहे हे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने चार-दोन पाळ्या पाणी घेतलंच नाही, तर त्याच्या वाटचं पाणी कालव्यात वाट बघत थांबत नाही. वरचे लोक ते ओढून घेतात, आणि मग हक्क सांगायला गेलं की भांडावं लागतं.

तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा प्रयोग रँडॉल्फ नूडो यांचा, १९९६ सालचा. माकडांच्या मेंदूत हाताच्या जागी छोटी इजा केली. ज्यांना काहीच सराव दिला नाही त्यांची इजेच्या आजूबाजूची, म्हणजे धड असलेली हाताची जागाही पुढे आकसली. ज्यांच्याकडून रोज बारीक खळग्यांतून खाऊ उचलून घेतला त्यांची ती जागा टिकली, काही ठिकाणी वाढली. म्हणजे झटक्याने जे नुकसान केलं त्यावर हात न वापरण्याने आणखी भर घातली. हे दुसरं नुकसान टाळणं आपल्या हातात असतं.

आणि आता आईंचं वाक्य. एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञांनी माकडांवर काम करताना एक गोष्ट पाहिली. ज्या हाताची संवेदना काढून टाकली होती तो हात माकडं वापरायचीच नाहीत, जरी तो हलवण्याची ताकद शाबूत होती. सुरुवातीला वापरून पाहिलं, जमलं नाही, वस्तू पडली, दुसऱ्या हाताने पटकन झालं. काही दिवसांत माकड शिकलं की हा हात कामाचा नाही. पुढे हातात सुधारणा झाली तरी ते शिकणं पुसलं गेलं नाही. चांगला हात बांधून ठेवल्यावर मात्र माकड तोच "निकामी" हात वापरू लागलं.

माणसात हेच होतं, आणि आपल्या घरांत ते जास्त होतं. वडिलांनी उजव्या हाताने घास उचलायचा प्रयत्न केला, भात सांडला, आईंनी ताट ओढून घेतलं. यात दोष कुणाचाच नाही, प्रेमाने होतं सगळं. पण त्या क्षणी मेंदूला मिळालेला धडा असा की उजव्या हाताची खटपट करू नये, घास आपोआप येतो. असे धडे दिवसभरात किती मिळतात बघा: चहाचा कप, शर्टाची बाही, दाढी, टीव्हीचा रिमोट. थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा तासभर शिकवणार आणि उरलेले सगळे जागे तास घर त्याच्या उलट शिकवणार. जिंकणार कोण? मेंदू चांगलं-वाईट बघत नाही. जे वारंवार घडतं ते तो शिकतो, न वापरणंसुद्धा.

टाउब यांच्या या निरीक्षणावरून एक उपचारपद्धत निघाली. चांगल्या हाताला जाड मोजा घालून त्याला बाजूला ठेवायचं आणि दुबळ्या हाताकडून कामं करवून घ्यायची. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली. सगळे झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या टप्प्यातले, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात मोजा, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. वर्षभराने पाहिलं तेव्हाही ते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पुढे होते.

पण, आणि हा मोठा पण आहे, त्या चाचणीत सरसकट कुणालाही घेतलं नव्हतं. मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येणारेच रुग्ण घेतले होते. म्हणून पुढचं सगळं कशावर अवलंबून आहे ते आता सांगते.

हाताकडे जाणारा मुख्य दोर मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतो, खोलवर एका अरुंद पट्टीतून जातो आणि मानेच्या वर बाजू बदलून पाठीच्या कण्यात उतरतो. पृष्ठभागावरची इजा मोठी दिसली तरी दोराचे काही धागे वाचलेले असू शकतात. उलट त्या अरुंद पट्टीतली शेंगदाण्याएवढी इजा सगळा दोर कापू शकते. म्हणून एमआरआयवरचा डाग केवढा आहे यापेक्षा तो कुठे आहे हे विचारायचं. दोर पूर्ण तुटला असेल तर बारीक पकड परत येण्याची शक्यता फार कमी, मग कितीही घाम गाळा. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. त्यांच्याकडे चालू लागलेले लोकच येतात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर असं करा. वडिलांना जेवणाच्या टेबलाशी किंवा उंच स्टुलाशी बसवा. उजवा कोपर आणि दंडाखालचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर लोंबतं. आता त्यांना मनगट वर उचलायला सांगा. खांदा वर जातोय का, अंग डावीकडे कलतंय का, ते बघा आणि हलक्या हाताने थांबवा. फक्त मनगट. मग मुठीतून बोटं उघडायला सांगा. मुठीत दाबणं बघू नका, ते बहुतेकांना येतं. उघडणं बघा. एकदा जमलं म्हणून आनंदून थांबू नका, मिनिटभरात तीन-चार वेळा जमतंय का ते पाहा.

मनगट आणि बोटं थोडी जरी उचलली जात असतील, अगदी बोटभर, तर माझा सल्ला असा की वेळ दवडू नका. थेरपिस्टना विचारून मोज्याची पद्धत घरी बेताने सुरू करा. एक धोक्याची सूचना: तुमचे वडील काठी डाव्या हाताने धरतात. त्या हातात मोजा घालून ते उठले तर पडतील. म्हणून मोजा फक्त बसलेले असताना, आणि शेजारी कुणीतरी असताना. सुरुवातीला सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पुरे.

त्या तासात काय करायचं? व्यायाम नको, काम द्या. स्टीलचा रिकामा पेला टेबलाच्या डाव्या कडेकडून उजव्या कडेला नेऊन ठेवणं. फडक्याने टेबल पुसणं. पत्ते एकेक करून उलटणं. जमू लागलं की पेल्यात थोडं पाणी. मग वाटीतले अक्रोड, मग शेंगा, मग शेंगदाणे. मी एक साधा अंदाज पाळते: दहातले आठ वेळा जमायला लागलं की काम अवघड करायचं, दहातले पाचही जमत नसतील तर सोपं करायचं. फार सोप्या कामातून मेंदू काही शिकत नाही आणि फार अवघड कामातून माणूस हरतो.

माझ्याकडे एक शिंपीकाका यायचे. त्यांना मी दिलेले प्लास्टिकचे खुंटे उचलायचा मनस्वी कंटाळा. त्यांच्या मुलाला दुकानातून बटणांचा डबा आणायला सांगितलं. काका बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला बसले की वेळेचं भान राहायचं नाही. अंगठा आणि पहिलं बोट जुळत नव्हतं, तर ते बटण टेबलाच्या कडेपर्यंत घसरवत आणायचे, अर्धं बाहेर काढायचे आणि मग पकडायचे. ही युक्ती मी शिकवलेली नव्हती. ज्या कामात माणसाला अर्थ वाटतो त्यात तो स्वतः उपाय शोधतो, आणि शोधण्याच्या त्या खटाटोपातच शिकणं असतं. तुमचे वडील काय काम करायचे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते ठरवा आणि त्यातून कामं काढा.

किती वेळा हा प्रश्न येणारच. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत २००९ साली प्रत्यक्ष मोजलं तर एका थेरपीच्या वेळात दुबळ्या हाताने केलेली कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा भरली. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तो रोज काहीशे वेळा केल्यावर. म्हणजे थेरपिस्ट कितीही चांगले असले तरी आठवड्यातले दोन तास पुरत नाहीत, घरी करावंच लागतं. पण नुसते आकडे वाढवून चमत्कार होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुन्या रुग्णांना कमी-जास्त पुनरावृत्ती देऊन पाहिल्या, तर जास्तवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. म्हणून मी वहीत शंभराच्या गाठी मारायला सांगत नाही. आज काल­च्यापेक्षा काय अवघड केलं ते लिहायला सांगते.

मनगट अजिबात उचलत नसेल, मूठ आवळली जाते आणि हात उचलला की खांदा, कोपर, मूठ सगळं एकदमच वळतं, अशी स्थिती असेल तर मोजा घालून उपयोग नाही, चिडचिड तेवढी होईल. तिथे मनगट उचलणाऱ्या स्नायूंना विजेचं हलकं उत्तेजन देतात, ते तुमचे फिजिओथेरपिस्ट करू शकतील. आरशाचा उपायही करून बघण्यासारखा आहे. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, दुबळा हात आरशामागे, आणि डाव्या हाताची हालचाल आरशात बघत दोन्ही हातांनी तीच करायचा प्रयत्न करायचा. मूळ तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांच्या वेदनांसाठी ही युक्ती काढली, १९९९ मध्ये ती झटक्याच्या रुग्णांवर वापरून पाहिली गेली, आणि नंतरच्या अनेक चाचण्यांत थोडा पण खरा फायदा दिसला. कपाटाचा जुना आरसा चालतो. मूठ फारच घट्ट असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन मज्जातंतूतज्ज्ञ देतात. त्याने स्नायू सैल होतात काही महिने. त्या सैल महिन्यांत सराव केला नाही तर पैसे गेले.

आणि काहीच हलत नसेल, तर आशा लावून ठेवणं बरं नाही. मग ध्येय बदलायचं: खांदा दुखू नये, बोटं आखडू नयेत, सूज येऊ नये, आणि डावा हात सगळी कामं शिकावा. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की इजा झाल्याझाल्या चांगल्या पंजालाच तरबेज केलं तर दुबळा पंजा मागे पडतो. म्हणून शक्यता असेपर्यंत मी डाव्या हाताने लिहायला शिकवायची घाई करत नाही. शक्यता उरली नाही हे कळल्यावर मात्र आडमुठेपणाही करत नाही. एका हाताने शर्ट घालता येणं ही छोटी गोष्ट नाही: आधी दुबळी बाही, मग चांगली, काढताना आधी चांगली.

आता घरोघरी दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी. पहिली, तो पिवळा हसरा स्पंजचा बॉल. दिवसभर तो दाबत बसलेली माणसं मी रोज बघते. दाबणं आधीच जोरात आहे, अडलंय ते उघडणं. बॉल कपाटात ठेवा. दुसरी, दाराच्या चौकटीला कप्पी बांधून दोरीने दुबळा हात वर ओढणं. खांद्याचे स्नायू लुळे असताना हाड खोबणीतून खाली सरकलेलं असतं, त्याला असं ओढलं की खांदा कायमचा दुखायला लागतो, आणि दुखरा हात कुणी वापरत नाही. उठवताना काखेत हात घालून किंवा तोच हात धरून ओढणंही बंद. तिसरी, मालीश. बरं वाटत असेल तर जरूर करा, पण त्यात वडील स्वतः काही करत नाहीत, त्यामुळे मेंदू फारसं काही शिकत नाही. तेल फार गरम नको, संवेदना कमी असलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. आणि "अंगावरून वारं गेलंय, पारव्याचं रक्त चोळा" असं सांगणारा पाहुणा अजून आला नसेल तर येईल. त्याला चहा द्या.

इंजेक्शनांबद्दल विचारलंत. शहरांत स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, नावाने लाखांनी पैसे घेतात. भारतातच पाच केंद्रांत १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१४ साली आला: अस्थिमज्जेतल्या अशा पेशी शिरेतून देणं सुरक्षित ठरलं, पण फायदा दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणेही झटक्यासाठी हे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर द्यायचं नसतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठून या. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचंही तसंच. २०११ च्या फ्रान्समधल्या छोट्या चाचणीने हात-पाय सुधारतात अशी आशा दाखवली, २०१९ च्या ब्रिटनमधल्या तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तसं काही निघालं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. मन खचलं असेल तर डॉक्टर अशी गोळी देतील, ते वेगळं कारण. आणि तेही गंभीरपणे घ्या. झटका आलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा लोकांना नैराश्य येतं. "बाबा आळशी झालेत, करतच नाहीत काही" असं मला जेव्हा सांगतात तेव्हा मी आधी झोप, भूक आणि रडणं विचारते.

बोलण्याविषयी थोडक्यात. नाव विचारलं तर अडतात पण आरती सुरू झाली की शेवटपर्यंत म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यात आश्चर्य नाही. पाठ झालेलं आणि सुरात म्हटलेलं मेंदूच्या डाव्या बोलण्याच्या केंद्रावर तेवढं अवलंबून नसतं, उजवी बाजू ते बरंच सांभाळते. याचा आधार घेऊन छोटी वाक्यं चालीवर म्हणायला शिकवण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. "पाणी हवंय", "बाहेर जाऊया" अशी रोजची चार वाक्यं डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत म्हणून घ्या. शब्द अडला की लगेच तोंडात घालू नका, दहा आकडे मनात मोजा. वाचा उपचारतज्ज्ञ गावात नसतील तर व्हिडिओ कॉलवर मिळतात. इथेही उशीर झाला म्हणून सोडू नका: जर्मनीतल्या २०१७ च्या चाचणीत सहा महिने उलटून गेलेल्या लोकांना आठवड्याला दहा तास किंवा जास्त असे तीन आठवडे उपचार दिले, आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं.

एक गोष्ट लपवणं बरं नाही, कारण मी तुम्हाला घरी करायला सांगतेय. आपल्या देशात १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०१७ साली आला. घरच्या माणसांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना असं प्रशिक्षण दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ते रुग्ण बरे निघाले नाहीत. मी त्याचा अर्थ "घरी काही होत नाही" असा लावत नाही. आपल्याकडे प्रशिक्षण दिलं नाही तरी घरचे करतातच, आणि एकदा शिकवून सोडलं की काय अवघड करायचं, केव्हा बदलायचं हे कळत नाही. म्हणून घर आणि थेरपिस्ट दोन्ही लागतात. तुमच्या थेरपिस्टना सांगा की आलेल्या तासात हातपाय हलवून देण्यापेक्षा गेल्या आठवड्याचं काम तपासा आणि पुढच्या आठवड्याचं ठरवून द्या. चांगल्या थेरपिस्टना हे आवडतं.

आईंना कसं सांगायचं? त्यांना "करू नका" म्हटलं तर वाईट वाटेल, आणि त्या ऐकणारही नाहीत. त्यांना वेगळं काम द्या. सकाळचा चहा वडिलांनी स्वतः प्यायचा, दांड्याच्या हलक्या कपातून, अर्धा भरलेला, कोमट. आईंचं काम तळव्याखाली आधार देण्याचं, आणि रोज तो आधार थोडा कमी करण्याचं. दिवसातले सगळे घास नकोत, रात्री दमलेले असताना भरवलं तर काही बिघडत नाही. झटक्यानंतरचा थकवा खरा असतो, झोप कापून सराव करू नका, दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

आणि या सगळ्याच्या आधी रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडलेले लोक दुसरा झटका घेऊन येतात, आणि मग आपण पहिल्या पायरीवर नसतो, तिच्याही खाली असतो. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडं बोलू लागले तर वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. तुमच्या गावाहून असं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा.

टेबलाच्या कडेवरची ती परीक्षा करा आणि मनगट, बोटं यांचं काय दिसलं ते इथेच लिहा. एमआरआयच्या अहवालात इजेची जागा ज्या ओळीत दिली आहे ती ओळही टाका, नाव-पत्ता खोडून. खांदा दुखतोय का, आणि कुठल्या हालचालीत, हेही. खांदा दुखत असेल तर मोजा-बिजा राहू दे, आधी तो दाखवून घ्या.